‘मेस्त्री’ ते ‘पेंटर’ : बाबूराव पेंटर यांची कलाशाळेबाहेरील चित्रसाधना

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून फिरताना एखाद्या जुन्या दुकानाच्या पाटीवर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले एक नाव अजूनही क्वचित दिसते. त्या नावापुढे ‘पेंटर’ हा शब्द असतो. पाट्या रंगविणारा, ट्रकच्या मागे मोर काढणारा, गणेशोत्सवात देखाव्याचा पडदा करणारा आणि शाळेच्या भिंतीवर राष्ट्रपुरुषांची चित्रे काढणारा तो पेंटर. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्सचे छापील फलक आले आणि हा व्यवसाय पाहता पाहता ओसरला. ‘चित्रकार’ आणि ‘पेंटर’ या दोन शब्दांचा कोशातील अर्थ जवळपास एकच असला, तरी मराठी समाजाने त्यांना कधीही एका पंक्तीस बसविले नाही. चित्रकार प्रदर्शन भरवितो आणि पेंटर मजुरी घेतो, अशी ही विभागणी आहे.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राच्या कलेतिहासातील एका थोर वास्तवदर्शी चित्रकाराने ‘पेंटर’ हा शब्द आडनाव म्हणून आयुष्यभर मिरवावा, ही गोष्ट विचारार्ह ठरते. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) हे ते चित्रकार होत. चित्रपटाच्या इतिहासात त्यांना मानाचे पान आहे. त्यांच्या चित्रकलेविषयी मात्र ‘ते स्वयंशिक्षित होते’ एवढ्या एका वाक्यावर बहुधा बोळवण केली जाते. हे विशेषण गौरवाचे वाटत असले तरी त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. बाबूराव कलाशाळेत गेले नाहीत हे खरे. पण ते कोणाकडूनच शिकले नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यांना कोणी, काय आणि कसे शिकविले, तसेच त्या शिक्षणामुळे त्यांच्या वास्तवदर्शनाला कोणता विशिष्ट घाट आला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कारखान्यातील शिक्षण

‘मेस्त्री’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. हाताखाली माणसे घेऊन काम करणारा कुशल कारागीर, हा त्याचा अर्थ. बाबूरावांचे वडील कृष्णराव हे या शब्दाला सर्वार्थाने पात्र होते. सुतारकाम, लोहारकाम आणि हस्तिदंतावरील कोरीवकाम या सर्वांत त्यांचा हात चालत असे. बाबूरावांच्या वाट्याला औपचारिक शिक्षण अल्पच आले. घरातील कारखाना हीच त्यांची शाळा झाली.

याच काळात मुंबईत वास्तवदर्शी चित्रकलेचे एक सुसंघटित शिक्षण उपलब्ध होते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये युरोपीय अकादमींच्या धर्तीवर विद्यार्थ्याला आधी ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करावे लागे, त्यानंतर स्थिरवस्तू, आणि मग प्रत्यक्ष व्यक्ती. छाया-प्रकाश, यथार्थदर्शन आणि शरीररचना यांचे पाठ क्रमाने दिले जात. कोल्हापूरचेच आबालाल रहिमान या संस्थेत शिकले आणि तेथे नावाजले गेले. त्यानंतर कोल्हापूर दरबारी परतून रंकाळ्याच्या व पंचगंगेच्या परिसराची अविस्मरणीय निसर्गचित्रे त्यांनी रंगविली. तेव्हा कोल्हापूरला मुंबईच्या कलाशिक्षणाचा गंधही नव्हता, असे मानण्याचे कारण नाही. त्या शिक्षणाची फळे गावातच दिसत होती. शिवाय राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून १८९४ नंतर बाहेर पडलेली तैलचित्रांची मुद्रिते घराघरांत पोहोचली होती. तैलरंगात देह, वस्त्र आणि दागिना यांचा आभास कसा उभा राहतो, हे बाबूरावांच्या पिढीतील कोणत्याही जिज्ञासू मुलाला देवघरात उभे राहूनही पाहता येत होते. स्वतः रविवर्म्यांनीही तैलरंगाचे तंत्र बव्हंशी पाहून आणि चुकत चुकतच आत्मसात केले होते, हे येथे स्मरणात ठेवावे.

कलाशाळेतील विद्यार्थी आणि कारागिराचा मुलगा यांच्यात मूलभूत फरक होता तो असा. कलाशाळेचा विद्यार्थी वस्तूकडे बाहेरून पाही. तिच्यावर पडलेला प्रकाश, तिची कडा आणि तिची सावली टिपून तो कागदावर तिचा आभास निर्माण करी. कारागिराचा मुलगा ती वस्तू आधी घडवीत असे. लाकडाचा रेषा कोणत्या दिशेने जातो, पत्रा कोठे वाकतो, हस्तिदंतात नाकाची उंची काढण्यासाठी गालाकडून किती काढून टाकावे लागते, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. घनतेचे हे ज्ञान डोळ्यांआधी हातांत येते. बाबूरावांनी पुढे चित्रकला, शिल्पकला, यंत्रनिर्मिती आणि नेपथ्य या चारही क्षेत्रांत सारख्याच सहजतेने संचार केला. चरित्रकारांनी त्याचे श्रेय ‘अष्टपैलू प्रतिभे’ला दिले असले, तरी मेस्त्रीच्या घरात ही क्षेत्रे मुळात वेगळी नव्हतीच, असे म्हणणे अधिक वस्तुस्थितीला धरून होईल.

आनंदराव आणि रंगभूमीचे पडदे

बाबूरावांना लाभलेले दुसरे गुरू म्हणजे त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ म्हणता येतील अशा नात्यातील, त्यांच्याइतकेच कलासक्त बंधू आनंदराव. दोघांनीही कलाशाळेची पायरी चढलेली नव्हती आणि दोघेही ‘पेंटर’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. साधारणतः १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातील संगीत नाटक मंडळ्यांचे आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणाऱ्यांत या जोडीचे नाव अग्रभागी होते.

आजच्या वाचकाला ‘पडदा रंगविणे’ हे दुय्यम काम वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात राजवाडा, रस्ता, देऊळ, बाग, अरण्य अशी स्थळे रंगविलेल्या पडद्यांवर दाखविली जात. पडदा गुंडाळला जाणार आणि गावोगाव प्रवास करणार असल्याने त्यावर तैलरंगाचे जाड थर देऊन भागत नसे, ते तडकत. म्हणून कापडाला खळ देऊन सरसात कालविलेले भुकटीचे रंग वापरण्याची पद्धत सामान्यतः रूढ होती. हे रंग ओले असताना गडद आणि वाळल्यावर फिके दिसतात. म्हणजे रंगविणाऱ्याला समोर दिसणाऱ्या रंगावर विसंबता येत नाही. वाळल्यानंतरच्या रंगाचा अंदाज आधीच मनात बांधावा लागतो. छोट्या रेखाटनावर चौकटी आखून तेच चित्र पडद्याच्या प्रचंड आकारावर नेताना प्रमाण बिघडू न देणे, ही दुसरी कसोटी. तिसरी कसोटी सर्वांत कठीण. पडद्यावरील महालाचे खांब दूर जाताना लहान होत गेले पाहिजेत. पण क्षितिजरेषा ठरवायची ती बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीचा विचार करून. पहिल्या रांगेतील श्रीमंताला आणि शेवटच्या रांगेतील पिटातल्या माणसाला, दोघांनाही तो महाल खरा वाटला पाहिजे.

कलाशाळेत विद्यार्थ्याचे काम शिक्षक तपासतो. येथे ते काम हजारभर प्रेक्षक एका रात्रीत तपासत. पडदा उघडताच टाळी पडली तर चित्र उत्तीर्ण. हे मूल्यमापन ढोबळ होते, पण त्यात सवलत नव्हती. सहा-सात वर्षे अशा परीक्षांना सामोरे गेलेल्या माणसाला ‘प्रशिक्षण न घेतलेला’ म्हणणे धाडसाचेच ठरेल.

या शिक्षणासाठी कोल्हापूरसारखे नगरही अनुकूल होते. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कुस्ती, संगीत, नाटक आणि चित्रकला यांना तेथे एकाच वेळी बहर आला होता. १९१५ मध्ये उभे राहिलेले पॅलेस थिएटर हे त्याचे मूर्त रूप. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झाले. केशवरावांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीच्या पडद्यांशीही पेंटर बंधूंचे नाव जोडलेले आहे. जातीने उच्च नसलेल्या आणि पदवी नसलेल्या कारागिराला दरबाराने आणि नाटक मंडळ्यांनी काम द्यावे, त्याच्या कामावरूनच त्याची पारख करावी, हे वातावरण त्या काळी सर्वत्र नव्हते. ‘स्वयंसिद्ध’ कलावंताच्या कथेत त्याच्या जिद्दीचे वर्णन भरपूर केले जाते. त्याला काम देणाऱ्या गावाचे वर्णन मात्र बहुधा राहून जाते.

पडद्याची मर्यादा आणि कॅमेरा

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाने पेंटर बंधू भारावून गेले. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय करून पाहिला आणि त्याच वेळी स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. अपुरे राहिलेले हे काम बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तडीस नेले. एका चित्रकाराने कॅमेरा विकत न घेता तो घडवावा, यात नवल वाटण्याजोगे काही असेल तर ते आपल्याला. मेस्त्रीच्या मुलाला हत्यार स्वतः करून घेण्यात नवल वाटले नसावे. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिच्या ‘सैरंध्री’चे प्रदर्शन ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात झाले आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

कंपनीच्या चित्रपटांचा समग्र इतिहास हा या लेखाचा विषय नाही. येथे प्रश्न एवढाच की, चित्रकार बाबूरावांनी चित्रपटात काय नेले? याचे उत्तर विरोधाभासी आहे. पडदे रंगविण्यात ज्याने नाव मिळविले, त्यानेच चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला. त्याऐवजी त्रिमितीय नेपथ्य, म्हणजे प्रत्यक्ष उभारलेल्या भिंती, खांब आणि जिने वापरण्याचा पायंडा त्यांनी पाडला. यामागील कारणाचे अनुमान पडद्याच्या तंत्रावरून करता येते. रंगविलेल्या यथार्थदर्शनात दूरचा खांब लहान काढलेला असतो. नट पुढे उभा असेपर्यंत भ्रम टिकतो. तो चालत पडद्याजवळ गेला की त्याचे डोके महालाच्या कमानीला लागते आणि भ्रम मोडतो. नाटकाचा प्रेक्षक हे चालवून घेतो, कारण तो नाटकाचा संकेत मानतो. कॅमेऱ्याचे भिंग असा कोणताही संकेत मानीत नाही. ही मर्यादा ज्याने वर्षानुवर्षे हातांनी अनुभवली, त्यालाच ती सर्वांत आधी असह्य व्हावी हे स्वाभाविक होते.

‘सिंहगड’ (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. चित्रीकरणापूर्वी पात्रांची, वेशभूषांची आणि दृश्यांची रेखाटने ते स्वतः करीत. जाहिरातीचे महत्त्वही त्यांनी लवकर ओळखले होते. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांतील सर्वांत जुने मानले जाते आणि ते बाबूरावांच्या कुंचल्याचे आहे. पुढील काळात चित्रपटफलक रंगविणे ही चित्रकारांची एक मोठी अनौपचारिक पाठशाळाच झाली. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे त्याच वाटेने आले.

वास्तवदर्शी आणि वास्तववादी

मराठी समीक्षेत ‘वास्तवदर्शी’ आणि ‘वास्तववादी’ हे शब्द अनेकदा समानार्थी म्हणून वापरले जातात. चित्रकलेच्या संदर्भात त्यांत भेद करणे इष्ट आहे. वस्तू जशी दिसते तशी हुबेहूब उमटविणे हे वास्तवदर्शन. समाज जसा आहे तसा, त्याच्या दैन्यासह आणि अन्यायासह मांडणे हा वास्तववाद. रविवर्म्यांची शकुंतला पूर्णतः वास्तवदर्शी आहे, पण ती वास्तववादी नाही. बाबूरावांचे पौराणिक व ऐतिहासिक चित्रपट याच पहिल्या कोटीतील होत. कीचकाचा वध त्यांनी इतका प्रत्ययकारी दाखविला की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. तरीही तो विषय महाभारतातलाच होता.

१९२५ मधील ‘सावकारी पाश’ने मात्र ही रेषा ओलांडली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या मूकपटात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीमजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांत रमलेल्या पडद्यावर कर्जबाजारी शेतकऱ्याचे घर प्रथमच आले. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनावर त्यातील एक दृश्य अनेक वर्षे कोरलेले राहिले : अंधूक उजेडातील एक उदास झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे. हे दृश्य एका चित्रकाराचे आहे, हे सांगावयास नकोच. ज्या छाया-प्रकाशाने पूर्वी राजवाड्याचे खांब उजळले, तोच आता दारिद्र्याचा आशय सांगू लागला.

वऱ्हाडातील वाचकाला या चित्रपटाचा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तरीही स्वतंत्र महाराष्ट्राला सावकारी नियमनाचा नवा अधिनियम करावा लागला तो थेट २०१४ मध्ये. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या कोरडवाहू वाशीम जिल्ह्यात ‘पाश’ या शब्दाची वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही.

समकालीन प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाला फारसा प्रतिसाद दिला नाही. बाबूराव पुन्हा ऐतिहासिक-पौराणिक विषयांकडे वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांच्याच हाताखाली घडलेले सहकारी कंपनीतून बाहेर पडले व त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ची स्थापना केली. बोलपट आल्यावर बाबूरावांचे मन त्यात रमले नाही. इतक्या कष्टाने विकसित झालेली दृश्यभाषा शब्दांच्या गर्दीत नष्ट होईल, अशी त्यांची धारणा होती. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ची बोलकी आवृत्ती आणि १९४७ मध्ये शांतारामांच्या आग्रहाखातर ‘लोकशाहीर रामजोशी’ असे मोजके अपवाद वगळता ते चित्र आणि शिल्पाकडे परतले. ‘जलवाहिनी’सारखी तैलचित्रे आणि कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ मध्ये उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा ही त्यांच्या या मूळ व्यवसायाची साक्ष होय.

मान्यतेचा प्रश्न

बाबूरावांनी कलाशाळा काढली नाही, तरी त्यांच्या भोवती शाळा तयार झाली. दामले-फत्तेलाल ही जोडी नेपथ्य व दिग्दर्शनात अजोड ठरली. त्यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. चंद्रकांत मांढरे अभिनेते म्हणून गाजले, पण बाबूरावांकडून मिळालेला चित्रकलेचा वारसा त्यांनी अखेरपर्यंत जपला. त्यांचे कोल्हापुरातील राहते घर आज कलासंग्रहालय आहे. या शिष्यांना कोणीही प्रमाणपत्र दिले नव्हते. काम करता करता शिकणे, गुरूने हातातील ब्रश काढून घेऊन चूक दुरुस्त करणे आणि पुन्हा तो परत देणे, हीच त्या शाळेची अध्यापनपद्धती.

महाविद्यालयीन व्यवस्थेत अशा ज्ञानाला स्थान नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला औपचारिक शैक्षणिक पात्रतेच्या अटीविना अध्यापनासाठी निमंत्रित करता येते. मात्र अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिचा रोख मुख्यतः उद्योग, प्रशासन आणि मोठ्या व्यवसायांतील वरिष्ठांकडे आहे, हे तिच्या शब्दयोजनेवरूनच जाणवते. पाट्या रंगविण्यात तीस वर्षे घालविलेला, चौकटी न आखता दोन फुटांचे अक्षर समतोल काढणारा तालुक्याच्या गावचा पेंटर त्या शब्दयोजनेत बसविण्यासाठी महाविद्यालयालाच पुढाकार घ्यावा लागेल. याच मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्राचीन मंदिर आहे. त्याचे दगड ज्यांनी घडविले, त्या हातांची नावे लोकस्मृतीत उरलेली नाहीत. कारागिराचे नाव न उरणे ही आपली जुनीच रीत आहे.

बाबूरावांचे नाव उरले, तेही एका विशिष्ट रूपात. त्यांच्या मूकपटांचे मोजकेच अंश शिल्लक आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहावयास मिळत नाही. नाटकांचे पडदे तर झिजण्यासाठीच रंगविलेले असतात. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे, जेथे महाराष्ट्र फिल्म कंपनी होती, त्या परिसरात एक स्मारक आहे. १ डिसेंबर १९१७ या कंपनीच्या स्थापनादिनाची आठवण म्हणून कलावंत व तंत्रज्ञ तेथे दरवर्षी जमतात आणि पूजन करतात. ते स्मारक कॅमेऱ्याचे आहे.